ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची वास्तू

आज रविवार, म्हणून माग गप्प आहेत. एरवी या गल्लीत उजाडल्यापासून घराघरांच्या माळ्यांवर खडखडाट चालतो. साल १७४४. तुम्ही बारा वर्षांचे आहात. लंडन शहराच्या वेशीबाहेर, स्पिटलफील्ड्समध्ये, आठवड्याचे सहा दिवस तुम्ही मागाजवळ उभे राहून दोऱ्या ओढता. विणकर सांगेल ती दोरी खाली खेचायची, तो धोटा टाकतो, मग पुढची दोरी. त्या दोऱ्यांच्या क्रमानेच रेशमावर फुले आणि वेली उमटतात. माळ्याची खिडकी भिंतभर रुंद आहे, कारण या कामाला उजेड लागतो. खिडकीत पिंजरा आणि पिंजऱ्यात गाणारा पक्षी. संध्याकाळी तुमचे खांदे भरून येतात. पण आज हात स्वच्छ धुतलेले, सदरा धुवट, आणि आजोबांचे बोट धरून तुम्ही चर्च स्ट्रीटवरून चालला आहात. वरच्या अंगाला ट्रूमनची बिअरची भट्टी आहे. तिथला भिजल्या धान्याचा वास रविवारीही गल्लीतून जात नाही.

चर्च स्ट्रीट जिथे ब्रिक लेनला मिळते त्या कोपऱ्यावर नवे देऊळ उभे राहिले आहे. विटांचे, चौकोनी, भारदस्त. त्याला मनोरा नाही, शिखर नाही. उंच खिडक्यांच्या रांगा आणि चर्च स्ट्रीटकडच्या दर्शनी भिंतीच्या त्रिकोणी माथ्यात एक सूर्यघड्याळ. त्यावर साल कोरले आहे, १७४३, आणि आपण सावली आहोत अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द. आजोबा आत शिरण्याआधी थांबतात आणि तळहात विटांवर टेकवतात. तुम्ही घाई करता. त्यांना घाई नाही.

त्यांनी विशीत असताना आपल्या गावचे देऊळ पाडलेले पाहिले आहे. १६८५ च्या ऑक्टोबरात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने नांतचा आदेश रद्द केला. त्या आदेशाच्या आधारावर ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रान्समधले कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट, सत्त्याऐंशी वर्षे आपल्या पद्धतीने प्रार्थना करत होते. आता त्यांची देवळे जमीनदोस्त करायची होती, शाळा बंद करायच्या होत्या. पाद्र्यांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा होता, आणि साध्या माणसाला मात्र देश सोडायची मनाई होती. पळताना सापडलेल्या पुरुषाला राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला धाडत, बाईला तुरुंगात टाकत. घराघरांत घोडेस्वार शिपाई राहायला घातलेले होते. घरच्यांनी धर्म बदलेपर्यंत ते खात, पीत आणि मोडतोड करत. तरीही माणसे रात्रीच्या बोटींनी निघाली. सुमारे पन्नास हजार इंग्लंडला पोचली. त्यांतल्या रेशीमकामगारांनी लंडनच्या पूर्वेकडचा हा तुकडा धरला, कारण इथे भाडे कमी होते आणि शहरातल्या कारागीर संघांची पकड सैल होती. उपाशी येणाऱ्यांसाठी त्यांनी अन्नछत्रही काढले. त्याला सगळे नुसते 'सूप' म्हणत. आजोबा पहिल्या हिवाळ्यात त्याच सुपावर जगले.

आत या. वर बघा, भोवती बघा. एकही मूर्ती नाही, क्रूसावरचा येशू नाही, रंगीत काच नाही. कॅल्व्हिनच्या शिकवणुकीत देवाची प्रतिमा चालत नाही. भिंती कोऱ्या आहेत, कडेने सज्जे आहेत, आणि सगळ्यांचे तोंड व्यासपीठाकडे आहे. इथे पाहायचे काही नसते, ऐकायचे असते. खिडक्यांतून उजेड मोकळा येतो, तुमच्या माळ्यावर येतो तसाच. फ्रेंचमध्ये स्तोत्र सुरू होते आणि दिवसभर खडखडाटात आवाज चढवून बोलणारी ती माणसे अशी गातात की बाके थरथरतात. आजोबांच्या गळ्यातून सूर निघत नाही. ते नुसते ओठ हलवतात.

ही मंडळी परागंदा झालेली होती, म्हणून ती कायम सोशीकच वागली असे मात्र समजू नका. आजोबा तुम्हाला १७१९ सालची गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होतो. त्या उन्हाळ्यात स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले होते. त्यांचा राग होता भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडावर, आपल्या आज्यापणज्या जिला चीट म्हणत त्या चिटावर. हलकी, स्वस्त, धुतली तरी रंग न सोडणारी चीट लंडनच्या बायकांना इतकी आवडली की रेशमाचे गिऱ्हाईक तुटले. विणकरांनी भर रस्त्यात चिटाचे झगे घातलेल्या बायकांना गाठून ते टराटरा फाडले. संसदेने १७२१ मध्ये अशा छापील कापडाच्या वापरावर बंदी घालणारा कायदा केला. सुरतेपासून मच्छलीपट्टणपर्यंतच्या छिप्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या त्या कायद्यामागे या गल्लीतला आरडाओरडा होता. आणि याच माळ्यांवर येणारे कच्चे रेशीम काही प्रमाणात बंगालमधल्या कासिमबाजारचे होते, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेले. तुम्ही ओढता त्या दोरीच्या टोकाला कदाचित बंगालचा धागा आहे. ते लक्षात असू द्या.

बाहेर पडलात की चर्च स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या दगडाचे क्राइस्ट चर्च दिसते. निकोलस हॉक्समूर या वास्तुरचनाकाराने बांधलेले, १७२९ मध्ये पुरे झालेले. राज्यमान्य चर्चचा हा प्रचंड मनोरा इथे उभारण्यामागे, राज्यमान्य चर्चच्या बाहेर राहणाऱ्यांची ही वस्ती सरकारच्या डोळ्यांत खुपत होती हेही एक कारण होते. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना अशा दोन इमारती. एकीला राणी ॲनच्या काळातल्या कायद्याचे आणि कोळशावरच्या कराचे पाठबळ, तर दुसरी मागावरच्या माणसांची. माझे मत विचाराल तर हॉक्समूरची इमारत अप्रतिम आहे, पण मला कोपऱ्यावरचीच जवळची वाटते.

पंचवीस वर्षे पुढे चला. तुम्ही आता सदतीस वर्षांचे विणकर आहात आणि मालक मजुरी पाडतो आहे. रात्री तोंडे झाकलेली टोळकी माळ्यांवर चढतात आणि कमी मजुरीवर काम करणाऱ्यांच्या मागावरचे रेशीम कापून टाकतात. या गुन्ह्याला आता फाशी आहे. ६ डिसेंबर १७६९ रोजी जॉन डॉइल आणि जॉन व्हॅलिन या दोन विणकरांना बेथनल ग्रीनमध्ये एका दारूच्या गुत्त्यासमोर, मुद्दाम त्यांच्याच वस्तीत, फासावर चढवले गेले. खटल्यामागचा मालक लुई शोवे हाही ह्यूगेनॉट वंशाचा. ज्या स्तोत्रांनी आजोबांची पिढी बांधली गेली, ती मालक आणि मजूर यांना बांधून ठेवू शकली नाहीत. १७७३ मध्ये मजुरी ठरवून देणारा कायदा आला आणि रक्तपात थांबला. तुमची मुले आपसात इंग्रजीत बोलतात. नातवंडांना फ्रेंच प्रवचन कळत नाही. ती लंडनच्या इतर भागांत, इतर धंद्यांत, इंग्रज सुनांमध्ये आणि जावयांमध्ये विरघळून जातात. देवळातली बाके एकेक रिकामी होतात. कोणी हाकलले नाही, कोणी पाडले नाही. ही मंडळी इथली होऊन गेली.

१८०९. आता तुम्ही जुने कपडे विकत घेत दारोदार फिरणारे गरीब ज्यू आहात. पाठीवर पोते आहे आणि तोंडात दिवसभर एकच आरोळी. त्या कोपऱ्यावरच्या इमारतीच्या दारात एक सभ्य गृहस्थ तुम्हाला आत बोलावतो. आत ऊब आहे आणि बोलणारा माणूस तुमच्याच समाजात जन्मलेला आहे. जर्मन भूमीतून आलेला जोसेफ फ्रे, आता ख्रिस्ती झालेला. ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी लंडनमध्ये संस्था निघाली आहे आणि तिने ही जागा घेतली आहे. तुमच्या मुलांना फुकट शाळा मिळेल, कामधंद्याचीही सोय होईल. तुमचे धर्मगुरू सॉलोमन हिर्शेल यांनी अशा शाळेत पोरे पाठवू नका म्हणून आधीच बजावले आहे. तुम्ही थोडा वेळ ऐकता, हात शेकता आणि पोते उचलून बाहेर पडता. बहुतेक जण तेच करतात. दहा वर्षांत संस्थेने इथला गाशा गुंडाळला. या वास्तूच्या इतिहासातला हा सगळ्यात तोकडा मुक्काम, आणि मला त्याचे कारण स्पष्ट दिसते. बाकी सगळे इथे स्वतःसाठी प्रार्थना करायला आले, आणि हे लोक दुसऱ्याची प्रार्थना बदलायला.

१८१९ मध्ये मेथॉडिस्ट आले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षे राहिले. कागदावर हा सर्वांत लांब मुक्काम आहे, पण तो लवकर सांगून होतो. जॉन वेस्लीच्या या अनुयायांना साधी, भक्कम सभागृहे आवडत. त्यामुळे इमारतीत फार काही बदलावे लागले नाही. बाहेर मात्र सगळे बदलत होते. मजुरीचा कायदा १८२४ मध्ये रद्द झाला, दोन वर्षांनी परदेशी रेशमावरची बंदी उठली. १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या व्यापारी करारानंतर मागांचा उरलासुरला खडखडाटही थंडावला. माळ्याच्या रुंद खिडक्या तशाच राहिल्या. त्यांच्यामागे आता एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. बरी ऐपत असलेली मेथॉडिस्ट घरे उपनगरांकडे सरकली आणि त्या खोल्यांत नवे लोक येऊ लागले, यिडिश बोलणारे.

आता तुम्हाला थोडे थांबायचे आहे. १८९८ सालचा शुक्रवार आहे, हिवाळ्याची दुपार, आणि चार वाजायच्या आतच अंधारून येते. लिथुआनियातल्या एका लहान गावातून बोटीने आलेले तुम्ही कपडे शिवण्याच्या कारखान्यात इस्त्रीवाले आहात. कारखाना म्हणजे काय, तर विणकरांच्याच जुन्या घराचा माळा. दोन यंत्रांवर शिलाई, एक जण काजे-बटणे करतो आणि तुम्ही कोपऱ्यात जड इस्त्री घेऊन उभे. वाफेने शर्ट अंगाला चिकटलेला, छातीत कायम खोकला. हंगामात चौदा-चौदा तास काम, हंगाम संपला की आठवडेच्या आठवडे हातावर हात. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचे खापर ज्यूंवर फुटले. दंगली झाल्या, पुढच्या वर्षी कडक कायदे आले, आणि रशियन साम्राज्यातून लाखो ज्यू पश्चिमेकडे निघाले. बहुतेक अमेरिकेला गेले. पण पहिल्या महायुद्धापर्यंत लाख-दीड लाख ब्रिटनमध्ये उतरले आणि त्यांतले कितीतरी गोदीपासून चालत चालत इथवर आले.

आज सूर्य मावळायच्या आत इस्त्री खाली ठेवायची आहे. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. आपल्या रायगडातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. तीच निष्ठा इथे ब्रिक लेनवर आहे. दुकानांच्या फळ्या लागतात. रस्त्यावर काळ्या कोटांची रीघ लागते. सगळे त्याच कोपऱ्याकडे निघाले आहेत.

मेथॉडिस्टांनी सोडलेली वास्तू 'मखझिके हदास' या मंडळींनी घेतली आहे. धर्म घट्ट धरून ठेवणारे, असे ते स्वतःला म्हणवतात, आणि ते खरेच तसे आहेत. १८९१ मध्ये त्यांचे लंडनच्या ज्यू पुढाऱ्यांशी मांसावरून वाजले. शहराच्या अधिकृत मंडळाच्या देखरेखीखाली कापलेले मांस पुरेसे कोशेर, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे शुद्ध, नाही असे म्हणून त्यांनी आपले वेगळे खाटीक नेमले. तुमच्यासारख्याच्या आठवड्यात मांस एकदाच शिजते, पण ते आपल्या राब्बीने मान्य केलेलेच हवे. मुख्य धर्मगुरू हर्मन ॲडलर इंग्रज पाद्र्यासारखा पोशाख करतात, त्यांचे भाषण इंग्रजीत. तुमचे राब्बी अबा वर्नर हेलसिंकीहून आले आहेत आणि तुमच्या आजीसारखे यिडिश बोलतात. ॲडलर यांच्या बाजूच्या सुस्थित इंग्रज ज्यूंना वाटते की या नव्या लोकांनी लवकर इंग्रज व्हावे. तुम्हाला वाटते की देश गेला, घर गेले, आता थाळीतला घासही दुसऱ्याच्या मर्जीने का खावा?

आत शिरा. भिंती कोऱ्याच आहेत, कारण इथेही देवाची प्रतिमा चालत नाही. सज्जे तसेच आहेत, आता त्यांत बायका बसतात. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचे कपाट बसवले आहे आणि मधोमध वाचनाचा मंच. ह्यूगेनॉटांच्या इथल्या प्रार्थनेत एक आवाज बोले आणि सगळे ऐकत. इथे प्रत्येक जण आपापल्या वेगाने, आपापल्या सुरात पुटपुटतो, मध्येच एखादा मोठ्याने रडवेला होतो, शेजारचे दोघे ग्रंथातल्या एका ओळीवर वाद घालतात. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत कोणी ना कोणी इथे पोथी उघडून बसलेले असते. शेजारच्या इमारतीत मुलांची धर्मशिक्षणाची शाळा भरते. इस्त्रीवाल्याला इथे कोणी इस्त्रीवाला म्हणत नाही. तुम्ही तल्मूदमधला एक मुद्दा मांडता आणि दाढी पिकलेला माणूस मान डोलावतो. आठवडाभरात तुमच्याशी कोणी असे वागलेले नसते.

अर्थात गल्ली एकमुखी नव्हती. देव न मानणारे समाजवादी ज्यू तरुणही याच घरांत राहत. योम किप्पूर या कडक उपवासाच्या दिवशी ते मुद्दाम उघड्यावर खात. १९०४ मध्ये तर दगडफेकीपर्यंत प्रकरण गेले. मांसाचा वाद पुढच्याच वर्षी मिटला. १९१२ मध्ये राब्बी वर्नर गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली.

पहिल्या महायुद्धाने या कोपऱ्यावर एक मोठा माणूस आणून सोडला. राब्बी अब्राहम आयझॅक कूक १९१४ मध्ये पॅलेस्टाइनहून युरोपात आले होते आणि लढाई पेटल्याने परत जाऊ शकले नाहीत. १९१६ ते १९१९ ते इथले राब्बी होते. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा देणारा १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा निघाला तेव्हा ते लंडनमध्येच होते. पुढे १९२१ मध्ये ते पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी मुख्य राब्बी झाले. १९३२ मध्ये राब्बी येहेझ्केल अब्राम्स्की आले, सायबेरियातल्या सक्तमजुरीतून सुटून. विणकरांसाठी बांधलेल्या या जागेत केवढी विद्वत्ता राबती होती, हे त्या वास्तूसमोरून जाणाऱ्या पर्यटकांना क्वचितच कोणी सांगते.

१९३६ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश पुढारी ऑस्वल्ड मोस्ले याचे काळे सदरेवाले फॅसिस्ट या भागातून संचलन करायला निघाले आणि जवळच्या केबल स्ट्रीटवर लोकांनी रस्ता अडवला. मग दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बहल्ले आले. घरे पडली, कुटुंबे पांगली, आणि युद्धानंतर ज्यांना जमले ते गोल्डर्स ग्रीन, हेंडन, स्टॅमफर्ड हिलकडे गेले. टेलरचा मुलगा डॉक्टर झाला. शब्बाथला वाहन चालत नाही, मग तो उपनगरातून पायी इथे येणार तरी कसा? १९७० च्या सुमारास दार बंद झाले.

१९७६. वास तोच, ट्रूमनच्या भट्टीचा. भट्टी अजून दहा-बारा वर्षे चालणार आहे. तुम्ही बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेले आहात आणि चामड्याची जाकिटे शिवता, त्याच माळ्यांपैकी एकावर. तुमचे मामा कलकत्त्याच्या गोदीतून ब्रिटिश जहाजांवर गेले होते. इंजिनघरात कोळसा टाकणाऱ्या खलाशांमध्ये सिल्हेटी मोठ्या संख्येने असत, आणि काही जण लंडनच्या बंदरात उतरून इथेच राहत. त्यांच्या पत्त्यावर पुढची पिढी आली. १९७१ च्या युद्धानंतर बायका-मुलेही येऊ लागली. रेशीम ज्या बंगालमधून आले होते तिथली माणसे आता आली. मधल्या काळात बंगालच्या आणि इथल्या अशा दोन्हीकडच्या मागांवर काय गुदरले, हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे.

मशीद तशी पूर्व लंडनमध्ये आहे, १९४१ मध्ये कमर्शियल रोडवर घरे जोडून सुरू झालेली. पण माणसे वाढली आहेत आणि गल्लीला आपली जागा हवी आहे. वर्गणी गोळा होते आणि बंद पडलेले सिनेगॉग विकत घेतले जाते. तुम्ही रात्री कामावरून सुटल्यावर हातभार लावायला जाता. बाके बाहेर काढता, धूळ झटकता, गालिचे पसरता, वजूसाठी नळ बसवता. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात येते. भिंतीवरून खरवडून काढावे असे काहीच नाही. ना चित्र, ना पुतळा. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समधून आलेल्या मंडळींनी आपल्या श्रद्धेपायी जी भिंत कोरी ठेवली, ती ज्यूंना जशीच्या तशी चालली आणि आता तुम्हालाही चालते. लंडनहून जेरुसलेम आणि मक्का जवळजवळ एकाच दिशेला पडतात, आग्नेयेला. माझ्या मते ही वास्तू टिकली ती या कोरेपणामुळे. क्राइस्ट चर्चचे सिनेगॉग किंवा मशीद कोणी करू शकले नसते. त्याच्या दगडादगडात त्याचा धर्म आणि त्याचे सरकार बोलते. कोपऱ्यावरच्या देवळाने एकच मागितले होते: माणसांनी एकत्र बसून ऐकावे.

शुक्रवारी मालक तासाभराची सुटी देतो. जिन्यावर चपला-बुटांचा ढीग, बोटांना अजून चामड्याचा आणि यंत्राच्या तेलाचा वास. तुम्ही अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहता आणि कपाळ गालिचावर टेकता. कारखान्यात ज्याच्याशी मजुरीवरून भांडलात तो दोन माणसांपलीकडे आहे.

बाहेर दिवस वाईट आहेत. रविवारी ब्रिक लेनच्या वरच्या टोकाला नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाची मंडळी आपले वर्तमानपत्र विकत उभी राहतात आणि तुमच्याकडे पाहून थुंकतात. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी पंचविशीच्या आसपासचा एक शिलाई कामगार, अल्ताब अली, कामावरून घरी जात असताना व्हाइटचॅपलमध्ये ॲडलर स्ट्रीटवर भोसकला गेला. १४ मे रोजी त्याच्या शवपेटीमागून सुमारे सात हजार माणसे पावसात पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेली. तुम्हीही त्यांत आहात. इथवर मान खाली घालून काम करणारी एक पिढी त्या दिवशी मान वर करून चालली. तो जिथे पडला त्या जागेलगतच्या बागेला १९९८ पासून त्याचे नाव आहे. ती बागही एका जुन्या चर्चचे आवार आहे. त्या चर्चच्या पांढऱ्या रंगावरून व्हाइटचॅपल हे नाव पडले, १९४० मध्ये ते बॉम्बने उद्ध्वस्त झाले, आणि आता तिथे ढाक्याच्या शहीद मिनाराची प्रतिकृती आहे.

२४ एप्रिल १९९९, शनिवार. एक वंशद्वेष्टा तरुण खिळे भरलेला बॉम्ब पिशवीत घेऊन ब्रिक लेनवर येतो. बाजाराच्या गर्दीत तो फुटावा असा त्याचा बेत आहे. पण इथला मोठा बाजार रविवारी भरतो, शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू व्यापाऱ्यांनी वाढवलेला तो बाजार. त्या दिवशी गल्लीत तुलनेने वर्दळ कमी होती. तेरा जण जखमी झाले, मृत्यू कोणाचा झाला नाही. ज्या ज्यूंनी ही गल्ली कधीच सोडली होती त्यांचा आठवड्याचा क्रम बंगाली मुलांच्या जिवाशी असा येऊन भिडला. मी हा प्रसंग वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी थबकतो.

आज तुम्ही तुमच्याच काळात त्या कोपऱ्यावर उभे आहात. चर्च स्ट्रीटचे नाव आता फूर्निये स्ट्रीट आहे. पाट्या इंग्रजी आणि बंगाली दोन्ही लिपींत आहेत. इमारत ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत वरच्या श्रेणीत असल्याने तिच्या विटांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. म्हणूनच २००९ च्या अखेरीस मशिदीने शेजारी, भिंतीपासून सुटा, पोलादी मनोरा उभारला, सुमारे २९ मीटर उंच, वर चंद्रकोर असलेला. कळसाशिवाय अडीचशेहून अधिक वर्षे गेल्यावर मिळालेला हा पहिला कळस. काहींना तो खटकतो. मला खटकत नाही. नांदत्या वास्तूला नांदणाऱ्याची खूण लागायचीच. त्याआधीच्यांनी सूर्यघड्याळ लावले होते, यांनी मनोरा लावला.

विणकरांचे माळे आता लाखो पौंडांना विकले जातात आणि शिलाईचे कारखाने उठून गेले आहेत. बंगाली कुटुंबेही हळूहळू पूर्वेकडे, शहराच्या कडेला सरकताहेत. पण मशिदीत दिवसातून पाच वेळा नमाज होते. मखझिके हदासची मंडळी आता गोल्डर्स ग्रीनमध्ये जमतात. लंडनच्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांचे चर्च सोहो चौकात आहे, १८९३ मध्ये बांधलेले. लंडनला गेलात तर ऑल्डगेट ईस्ट स्थानकावर उतरून अल्ताब अली बागेवरून चालत आधी ब्रिक लेनला जा, शक्यतो शुक्रवारी दुपारी, आणि नंतर ही दोन ठिकाणेही पाहा. तिन्ही एका दिवसात होतात.